नवजात बाळाचं फोटोशूट: तयारी नक्की काय करायची? (३७वा आठवडा चालू आहे)

ढगातली_चांदणी

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या.

३७वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. न्यूबॉर्न फोटोशूटचं खूळ आधी माझ्या डोक्यात होतं, रात्री झोप येईना म्हणून मी नवऱ्याला उठवून उठवून ते टोपलीत झोपलेल्या बाळांचे फोटो दाखवायचे, आता त्याला माझ्यापेक्षा जास्त चढलंय. एक फोटोग्राफर बघून ठेवलीये, तिला तारीख विचारली तर म्हणाली "बाळ झालं की लगेच कळवा". लगेच म्हणजे कधी? लेबर रूममधून मेसेज करू का?

माझ्या आईचा साफ विरोध आहे. एवढ्याशा जिवाला उघडं करून कसले फोटो काढता, गारठेल ते. आणि तो दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून झोपलेल्या बाळाचा फोटो असतो ना, तो दाखवला तर म्हणाली, "याची मान कोण धरतंय?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तुमच्याकडे असेल तर सांगा.

तर, कितव्या दिवशी करावं, बाळाला त्रास होतो का, आम्ही काय घालावं आणि आधी काय काय जमवून ठेवावं? सिझेरियन होण्याची बरीच शक्यता आहे, मला तेव्हा बसता तरी येईल का हाही प्रश्नच. खरेदीचं म्हणाल तर ४ टोप्या, ३ हेअरबँड आणि एक पांढऱ्या पिसांचे परीचे पंख घेऊन झालेत. (पंखांबद्दल काही बोलू नका, हार्मोन्स.)

दोघींची_आई

पंखांबद्दल बोलत नाही 😄

माझी दोन शूट झालीयेत, एक पूर्ण फसलेलं आणि एक छान, त्यामुळे दोन्ही सांगते. मोठीच्या वेळी आम्ही २३व्या दिवशी गेलो, त्याआधी जमलंच नाही. सकाळभर ती मस्त झोपली, आम्ही खूश, की बघा किती शहाणी आहे, गाडीतही झोपली, आणि स्टुडिओत पाऊल टाकलं आणि टक्क जागी. झोप पूर्ण झाली होती ना तिची! वर तिथे एसी चालू, मोठ्यांना बरं वाटेल असा. कपडे काढले तशी पायांवर जाळीसारखे निळसर-लाल डाग उमटले, संगमरवरावर असतात तसे, आणि मग जी काही रडली. फोटो काढणारे गृहस्थ तिला एका लाकडी बादलीत बसवायचा हट्ट सोडेनात, पाय आत घातले की ती ताठ करायची, पुन्हा घातले की पुन्हा ताठ. मी पण नवीन, थांबा म्हणायचं सुचलंच नाही, ४० मिनिटं हे चाललं आणि शेवटी मी पण रडले. त्या दिवसाचा एकच फोटो बरा आलाय, तिच्या बाबाच्या हातावर पालथी पडून जांभई देतानाचा, आणि तो कोणी ठरवून काढलेला नव्हता.

धाकटीच्या वेळी नवव्या दिवशी, घरीच केलं. यावेळी मी आदल्या दिवशीच फोनवर सांगून टाकलं की बाळ रडलं तर थांबायचं, पाजायचं, आणि एखादी पोज जमली नाही तर सोडून द्यायची. तयारी म्हणाल तर निघायच्या किंवा फोटोग्राफर यायच्या तास-दीड तास आधी बाळाला जागं ठेवायचा प्रयत्न करायचा, म्हणजे कोमट पाण्याने अंग पुसून घ्या, कपडे बदला, गप्पा मारा, आणि मग ऐनवेळी पोटभर पाजा. पूर्ण पोटभर, दोन घोटांवर भागवू नका. आणि ढेकर काढल्याशिवाय खाली ठेवू नका, नाहीतर पाचव्या मिनिटाला सगळं दूध त्या सुंदर पांढऱ्या चादरीवर.

कपडे पुढून उघडणारे, बटणांचे किंवा बांधायचे. डोक्यावरून काढायचे असतील तर झोपलेलं बाळ उठलंच म्हणून समजा. आणि इलॅस्टिक नको, मोज्यांचं सुद्धा, कातडी इतकी नाजूक असते की वळ उठतो आणि अर्धा तास जात नाही. मी तासभर आधीच डायपर सैल करून ठेवला होता, त्याचे परिणामही भोगले, पण मांड्यांवर रेघा नव्हत्या.

खिडकी_डावीकडे

मी हेच काम करतो, गेली बरीच वर्षं. चांदणी, तुमच्या आईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे, तो प्रत्येक आईबापाने फोटोग्राफरला विचारायला हवा. उत्तर असं की मान माणूसच धरतो, तुम्हाला तो दिसत नाही एवढंच. त्या पोजला आम्ही फ्रॉग पोज म्हणतो आणि तो एक फोटो नसतोच, दोन असतात. पहिल्यात कोणीतरी वरून बोटांनी बाळाचं डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात डोकं हातांवर टेकवून खालून मनगटं धरलेली असतात, आणि मग कंप्युटरवर दोन्ही जोडून माणसाचे हात पुसून टाकायचे. ते झोळीत लटकणारं बाळ पण तसंच, प्रत्यक्षात ते गादीवर असतं नाहीतर कोणाच्या तरी हातात. तुम्ही बघून ठेवलेल्या बाईंना सरळ विचारा, "फ्रॉग पोज कशी करता?" "जोडून करतो" म्हणाल्या तर ठीक. "बाळ आपोआप बसतं" म्हणाल्या तर दुसरं कोणीतरी बघा. आणि पूर्ण वेळ बाळापासून हातभर अंतरावर एक माणूस फक्त बाळाकडे बघायला हवा, ज्याच्या हातात कॅमेरा नाही असा. घरी शूट असेल तर तो माणूस बहुतेक बाबाच असतो, तेव्हा बाबाने मोबाईलवर "बिहाइंड द सीन" काढत बसू नये.

तारखेचं: डॉक्टरांनी दिलेल्या तारखेनुसार अंदाजे बुकिंग करून ठेवतात आणि बाळ झाल्यावर दिवस पक्का करतात, म्हणून त्या "कळवा" म्हणाल्या. लेबर रूममधून नको, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेसेज टाका. साधारण ५ ते १४ दिवसांत करतात, कारण तेव्हा बाळ जास्त वेळ गाढ झोपतं आणि पोटात असताना जसं मुटकुळं करून होतं तसं अजून राहतं. फार आधी नको, पहिल्या ४-५ दिवसांत दूध नीट यायचं असतं, बाळाचं वजन जरा उतरतं, तुमचं पण अंग दुखत असतं. २ आठवड्यांनंतर बाळ जास्त वेळ जागं राहतं, हातपाय सोडायला लागतं, पुढच्या आठवड्यांत गालांवर पुटकुळ्या येतात. पण उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही, फक्त झोपलेल्या पोजचा नाद सोडायचा. उघड्या डोळ्यांचे फोटो मला तर जास्त आवडतात. या वयात बाळाला २०-३० सेंटीमीटरवरचंच त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे कुशीत घेतल्यावर आईचा चेहरा असतो तेवढं अंतर, तेव्हा डोळ्यांचा फोटो हवा असेल तर तुम्ही तेवढ्या जवळ चेहरा न्या, ते तुमच्याकडे बघेल, मी बाजूने काढेन.

खोली २६ ते २८ अंश. आपल्याला घाम येतो, बाळाला बरं वाटतं. हीटर असेल तर लांब, आणि त्याची हवा थेट अंगावर नको. चादर गरम करायला गरम पाण्याची पिशवी ठेवतात ती बाळ ठेवायच्या आधी काढायची, नंतर नाही.

कपडे: एकरंगी, मऊ, फिके किंवा मातकट रंग. भडक पोपटी, नारंगी, फ्लोरोसंट गुलाबी घालू नका, बाळ तुमच्या छातीशी असतं आणि त्या रंगाची झाक त्याच्या गालावर पडते, मग मला एका गालाचा पोपटी रंग काढत रात्र घालवावी लागते. घड्याळ, टोकदार अंगठ्या काढून ठेवा. परफ्यूम नको, बाळ वासाने आईला ओळखतं. आणि नखं बघा! हातांचे फोटो अगदी जवळून काढतो आम्ही, बाळाचं अख्खं पाऊल तुमच्या अंगठ्याएवढं असतं, त्यामुळे तो अंगठा फोटोत भलामोठा दिसतो.

पंख आणा. वजनाला हलके असतील आणि पिसं गळत नसतील तर वापरू.

कंटाळलेला_काका

आमच्या वेळी नव्हतं बुवा हे काही. मोबाईलने काढा दोन फोटो आणि बाळाला झोपू द्या.

बाबा_नं_१

काका, मोबाईलनेच काढलेत मी सगळे, झोपू देऊन काढलेत, आणि चांगले आलेत. तेव्हा भांडण मिटलं 🙂

ज्यांना फोटोग्राफर बोलवायचा नाहीये त्यांच्यासाठी लिहितो. मोठ्या खिडकीजवळ गादी टाका, थेट ऊन नको, ऊन असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा, आणि खोलीतले सगळे दिवे बंद करा. हे दिवे बंद करायचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तोपर्यंत एक गाल निळा आणि एक पिवळा येत होता आणि मी त्याला कावीळ समजून घाबरलो होतो. फ्लॅश बंद. लेन्स पुसा, आपल्या खिशात फोन असतो, लेन्सवर बोटांचे तेलकट डाग असतात, अर्धे "सॉफ्ट फोकस" फोटो हे त्यामुळेच असतात. बाळाचं डोकं खिडकीकडे तिरकं ठेवा, उजेड कपाळाकडून नाकाकडे उतरला पाहिजे. पाय खिडकीकडे केले की उजेड हनुवटीखालून वर जातो, लहानपणी टॉर्च हनुवटीखाली धरून भूत करायचो ना, तसं दिसतं. उभं राहून वरून काढू नका, गुडघ्यावर बसा, बाळाच्या पातळीवर या. आणि बाळाच्या अगदी वर फोन धरायचाच असेल तर दोन्ही हातांनी आणि मनगटात दोरी अडकवून, मी एकदा फोन उशीवर पाडलाय, डोक्यापासून वीतभर लांब. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तपशिलाचे फोटो विसरू नका. कान. कानाच्या पाळीवरची बारीक लव. टाचेच्या सुरकुत्या. ओठावर चोखून आलेला तो छोटा फोड. आमच्या पोराची लव महिनाभरात गेली, फोटो आहे म्हणून आम्हाला आठवतं तरी.

रात्रपाळी

नवजात बाळांच्या वॉर्डमध्ये काम करते, ड्यूटीवरून येऊन लिहितेय, काही चुकलं तर माफ करा. फोटोंना माझा विरोध नाही, पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाळाला टोपलीत, बादलीत, भांड्यात टेकवून बसवतात तेव्हा बघायची पहिली गोष्ट म्हणजे हनुवटी. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची नळी दबते, आणि एवढं लहान बाळ स्वतः मान उचलू शकत नाही, ओरडतही नाही, शांत दिसतं. फोटोत "किती शांत झोपलंय" वाटेल, म्हणून हनुवटी आणि छातीमध्ये तुमची दोन बोटं जातात का ते बघा आणि नाक उघडं आहे ना तेही. पालथं झोपवून फोटो काढायला हरकत नाही, पण कोणाची तरी नजर सतत हवी, आणि फोटो झाला की उताणं. घट्ट गुंडाळलेलं बाळ तर पालथं नकोच. गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नका, गुडघे दुमडलेले आणि मांड्या फाकलेल्या राहतील एवढी जागा ठेवा, खुब्याच्या सांध्यासाठी ते महत्त्वाचं.

गुंडाळलं की बाळ जास्त झोपतं हे मात्र खरं. नाहीतर झोपेत एकदम दचकून दोन्ही हात फाकवतं आणि स्वतःच्याच दचकण्याने जागं होतं. त्याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात, अर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९१८ साली तो लिहून ठेवला. ते भीतीने नाही, प्रत्येक निरोगी बाळात असतं, काही महिन्यांत जातं. म्हणून हात हळूहळू सोडवायचे, एक सोडून त्यावर तुमचा ऊबदार तळवा ठेवायचा, मग दुसरा.

गारठण्याबद्दल आई म्हणतात त्यात अजिबात चूक नाही. नवजात बाळ आपल्यासारखं कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही, आणि वजनाच्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे उष्णता भराभर जाते. हातपाय गार आणि निळसर असणं पहिल्या दिवसांत चालतं, त्यावरून ठरवू नका, मानेमागे किंवा छातीला हात लावून बघा. ते गार लागलं तर शूट थांबवा आणि बाळाला तुमच्या छातीशी, कातडीला कातडी, वरून पांघरूण. यापेक्षा चांगला हीटर नाही.

झोपवण्यासाठी ते शूऽऽ आवाजाचं मशीन लावतात, ते कानाशी ठेवू नका आणि आवाज ५० डेसिबलच्या आसपास, म्हणजे आपण हळू बोलतो तेवढाच ठेवा. घरात येणाऱ्या प्रत्येकाने कोपरापर्यंत हात धुवायचे, सर्दी-खोकला किंवा ओठावर फोड असलेल्याने यायचंच नाही, फोटोग्राफर असो वा मावशी. डांग्या खोकल्याची लस घेतली आहे का हे फोटोग्राफरला विचारायला लाजू नका, नेहमी बाळांचंच काम करणाऱ्याला असा प्रश्न अपेक्षित असतो.

आणि कावीळ. बऱ्याच बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिसते, पुढच्या २-३ दिवसांत वाढते आणि मग उतरते. फोटोतला पिवळेपणा एडिट करून निघतो, बाळाच्या अंगावरचा नाही. पिवळेपणा पोटा-पायांपर्यंत उतरला, बाळ दूध ओढेना, उठवूनही उठेना झालं तर फोटोग्राफरला रद्दचा मेसेज आणि डॉक्टरला फोन.

ढगातली_चांदणी

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. रात्रपाळी ताई, तुमचं अख्खं आईला वाचून दाखवलं, "आई म्हणतात त्यात अजिबात चूक नाही" हे वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं.

अजून थोडं विचारते. हेअरबँड चालतात का? अंगाची सालं निघत असतील तर तेल लावून न्यायचं का? नाळ पडली नसेल तर? आणि शी-शू??

खिडकी_डावीकडे

हेअरबँड सैल असेल तर फोटोपुरता, काढल्यावर वळ दिसला तर तो घट्ट होता. मणी-खडे चिकटवलेले नकोत. तेल त्या दिवशी नको, चकाकतं आणि बाळ हातातून निसटतं. सालं निघणं नॉर्मल आहे, तसंच राहू द्या. नाळ असली तर आम्ही कापडाने झाकतो, ओढत नाही. शी-शू होणारच, माझ्याकडे दर शूटला किमान दोनदा. पाण्यात न खराब होणारं कापड खाली असतं. तुम्ही स्वतःसाठी एक जास्तीचा शर्ट ठेवा, सगळे बाळाचे ६ जोड आणतात आणि स्वतः ओल्या शर्टाने घरी जातात.

वेळ ३-४ तास धरून चाला, त्यातला अर्धा पाजण्यात आणि झोपवण्यात जातो. आणि फोटो मी कुठे टाकणार, इंटरनेटवर टाकणार का हे आधी लेखी ठरवून घ्या. नको असेल तर नको म्हणा, कारण विचारायचा हक्क आम्हाला नाही.

काचेपलीकडची

माझं बाळ ३२व्या आठवड्यात झालं आणि पहिले ५ आठवडे काचेच्या पेटीत होतं. ५ ते १४ दिवस हे आकडे वाचून तेव्हा मला फार वाईट वाटायचं. आमचं शूट घरी आल्यावर, म्हणजे मूळ तारखेच्या जवळपास झालं, डॉक्टरांना विचारून, आणि ते तेव्हाही इतकं लहान होतं की सगळ्या पोज जमल्या. पण मला सगळ्यात जवळचा फोटो म्हणजे वॉर्डमधल्या सिस्टरने फोनवर काढलेला, त्यात नळ्या दिसतात, चिकटपट्टी दिसते आणि पेटीच्या भोकातून आत गेलेलं माझं बोट आणि त्यावरची त्याची मूठ. कोणाचं बाळ आत असेल तर बाहेर यायची वाट बघू नका, विचारा आणि काढा. फ्लॅश न लावता.

दोघींची_आई

@काचेपलीकडची 🤍

चांदणी, सिझेरियनचं कोणी लिहिलंच नाही की. जमिनीवर बसायच्या पोज तुम्ही करू नका, उठताना टाके ओढतात. पाठीला टेका असलेली खुर्ची सांगा, पोटावर उशी आणि त्यावर बाळ. तुमचे फोटो सगळ्यात आधी उरकून घ्यायला सांगा, नंतर तुम्ही थकता. आणि तुम्ही फोटोत याच. मी मोठीच्या वेळी सुजलेली दिसते म्हणून आलेच नाही, आता ती विचारते तू कुठे होतीस.

ढगातली_चांदणी

अपडेट द्यायला पाच आठवडे उशीर, पण हात रिकामाच नसतो.

मुलगा झाला. सिझेरियनच. ११व्या दिवशी शूट झालं, घरी. खोलीत २७ अंश, नवऱ्याच्या कपाळावरून घामाच्या धारा आणि बाळ लोण्याच्या गोळ्यासारखं पसरलेलं. पहिला दीड तास तो झोपलाच नाही. टकामका बघत होता, मग पाजलं, मग उचकी लागली, मग पुन्हा पाजलं, आणि शेवटी त्या बाईंनी त्याला गुंडाळून शूऽऽ करत नुसतं हातात धरून ठेवलं वीस मिनिटं, कॅमेऱ्याला हातही न लावता, तेव्हा कुठे झोपला. मी मध्येच म्हणाले राहू दे, झाले तेवढे पुरे, तर त्या म्हणाल्या मला घाई नाही. शू बाबाच्या एकुलत्या एक फिक्या शर्टावर, जास्तीचा शर्ट काळा निघाला, त्यामुळे अर्धे फोटो फिके आणि अर्धे काळे आहेत.

आई आधी दारातच उभी होती, हाताची घडी घालून. फ्रॉग पोजच्या वेळी त्या म्हणाल्या डोकं धरायला कोणीतरी हवंय, मदतनीस आज आली नाही, तर आई कोपरापर्यंत हात धुऊन आली आणि तिने धरलं. फोटो जोडायच्या आधीचा कच्चा फोटो त्यांनी दाखवला, त्यात त्याचं डोकं आणि वर आईची चार बोटं, एकावर भाजल्याचा जुना डाग. त्या म्हणाल्या हे हात मी पुसून टाकेन. मी म्हटलं दोन्ही द्या, पुसलेला आणि न पुसलेला.

न पुसलेला फ्रेम केलाय. आईचं म्हणणं तिची बोटं जाड दिसतायत.

हेअरबँड भाचीला दिले. पंख अजून डब्यात आहेत, न वापरलेले, कोणाला हवेत का? थोडी पिसं गळतात.